पोत्यातली माती

मी एक अख्खी वस्ती पाडली आहे. बुलडोझर न आणता, नोटीस न चिकटवता, नुसता पदर खोचून आणि चार घमेली माती कालवून. तेव्हा मी साठ वर्षांची होते, म्हणजे तशी पोरसवदाच. नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते आणि निवृत्त मास्तरणीला वाटतं तसं मलाही वाटत होतं की आपलं शिकून संपलं, आता जगाला शिकवायचं तेवढं राहिलं. आज बाहत्तरी ओलांडली आहे, अक्कल बरीच झिजली आहे, आणि म्हणूनच की काय, हातून नासधूस कमी होते. ती वस्ती माणसांची नव्हती, पाखरांची होती, असं सांगितलं की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. हात्तिच्या, पाखरांची होय, असं म्हणून लोक पुन्हा चहाकडे वळतात. आमच्या वन्संच्या यजमानांसमोर मात्र कुणी असं म्हणून पाहावं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आणि त्यांचे यजमान म्हणजे जगाकडे कायम खालून पाहणारा साऱ्या माळव्यातला एकमेव गृहस्थ. लोक देवळाचा कळस पाहतात, हे सज्जाच्या पोटाला काय चिकटलंय ते पाहत. लोक नेमावरला पुलावरून नर्मदेला हात जोडतात, हे पुलाखाली उतरून, मान मोडेस्तोवर वर करून, पुलाच्या पोटाला हात जोडत. कुणाकडे वास्तुशांत असली की बाकीची मंडळी फरशी न्याहाळत, नळ सोडून बघत, आणि हे गॅलरीच्या खाली जाऊन उभे राहत. मग घराच्या मालकाला अगदी मनापासून सांगत, "छान झालंय, पण फार गुळगुळीत आहे. कुणी राहायला येणार नाही." ज्याने आयुष्याची कमाई त्या घरात घातली त्याला भर वास्तुशांतीत हे ऐकून काय वाटत असेल ते वाटो, वन्सं बिचाऱ्या मागून सारवासारव करत यायच्या, "त्यांचं म्हणणं पाखरांबद्दल आहे हो, तुमच्याबद्दल नाही."

पाखरं म्हणजे भिंगऱ्या. आमच्याकडे हिंदीत त्यांना सरसकट अबाबील म्हणतात, आणि लग्न होऊन आले तेव्हापासून मीही तारेवर बसलेल्या सगळ्या बारक्या पाखरांना एकाच नावाने उरकत आले होते. एकदा त्यांच्यादेखत मी 'त्या तुमच्या चिमण्या' असं म्हणाले, तर जेवता जेवता त्यांचा घास हातात राहिला. पुढचे आठ दिवस ते माझ्याशी बोलले ते वन्संच्या मार्फत. नववा दिवस उजाडला तेव्हा मला समोर बसवून त्यांनी पाठ दिला. शेपटीला दोन लांब तारा असतात ती तारवाली भिंगरी, दिसायला देखणी, पण जोडीने एकटी राहणारी. तिला ते 'बंगलेवाली' म्हणत आणि तिच्याबद्दल फारसं चांगलं बोलत नसत. आपली ती दुसरी. चिमणीपेक्षा अंगाने कमी, डोकं विटकरी, पाठ निळी-काळी, शेपूट कात्रीने सरळ कापल्यासारखी, आणि पांढुरक्या गळ्यावर तपकिरी रेघा, पेन झटकल्यावर सदऱ्यावर उडतात तशा. ती एकटी राहत नाही, तिला एकटं राहता येतच नाही. पाण्याजवळच्या पुलाखाली, कड्याखाली शंभर-दीडशे जोड्या एका जागी जमतात आणि ओल्या चिखलाची घरं बांधतात. घर म्हणजे आडवी धरून छताला चिकटवलेली सुरई, पोट मागे आणि निमुळता गळा बाहेर. एकीने भिंत घातली की दुसरी तीच भिंत धरून आपलं घर सुरू करते, तिसरी त्या दोघींच्या बेचक्यात शिरते, आणि बघता बघता मधमाश्यांचं पोळं लागावं तशी वस्ती होते. "एकाही घराला स्वतःच्या चारी भिंती नाहीत वहिनी," असं ते म्हणायचे आणि मोठ्या घराण्याची वंशावळ सांगितल्यासारखी मान डोलवायचे. हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ पुढे कळला.

त्यांना हे वेड जडलं तेही एका चुकीपायीच, फक्त ती चूक माझ्याइतकी हुशारीची नव्हती. ते ओव्हरसियर होते. पहिल्या नोकरीत त्यांनी धारच्या बाहेर, राजगढकडच्या एका फाट्यावर, नाल्यावरची एक पुलिया बांधली. सेंटरिंगच्या फळ्या वाईट निघाल्या, पुलियाचं पोट खरवडल्यासारखं खडबडीत राहिलं, साहेबाने चारचौघांत झापलं आणि थोड्याच दिवसांत त्यांची बदली खातेगांवला, देवास जिल्ह्याच्या पार त्या टोकाला झाली. पुढे सबंध नोकरी त्यांनी आरशासारखे गुळगुळीत पूल बांधले. निवृत्त होऊन धारला परतले, आणि एक दिवस आपलं जुनं पाप बघावं म्हणून स्कूटर लावून त्या पुलियाखाली उतरले, तर त्या खडबडीत पोटाला दीडशेवर घरटी. गुळगुळीतावर चिखल धरत नाही, खरखरीत मिळालं की धरतो. त्या दिवशी ते आमच्याकडे आले ते मुलगा कलेक्टर झाल्यासारखे. "वहिनी, साऱ्या नोकरीत माझं एकच काम वाईट झालं," ते म्हणाले, "आणि तेवढंच कुणाच्या तरी उपयोगी पडलं."

त्यानंतर मग कुठलाही पूल त्यांना ओलांडता येईना. माझ्या मुलाच्या लग्नाचं वऱ्हाड धारहून देवासला निघालं होतं. क्षिप्रेचा पूल आला आणि यजमानांनी करंगळी दाखवून बस थांबवायला लावली. वयस्कर माणूस, नाही कसं म्हणणार. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. नवरा मुलगा मुंडावळ्या सावरत रस्त्याच्या कडेला उभा, मुलीकडचे फोनवर फोन करताहेत, भटजींचा जीव मुहूर्तात अडकलेला, आणि बसचा ड्रायव्हर तंबाखू मळत मला विचारतोय, "माँसाब, ब्याव छोरा को हे के चिड़ियाँ को?" शेवटी आमचे हे पुलाखाली उतरले तर यजमान फेटा काखेत मारून, बोट वर करून, ओठ हलवत उभे. वर आल्यावर त्यांनी नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिल्यासारखे म्हणाले, "एकशे बेचाळीस." मुहूर्त टळला तो टळलाच. माझी सून अजून घरात काही बिनसलं की म्हणते, एकशे बेचाळिसाचा दोष आहे.

वन्संच्या रुखवतात चांदीच्या मुठीचा एक आरसा आला होता. तो एक दिवस नाहीसा झाला आणि मग बांबूच्या टोकाला सुतळीने बांधलेला सापडला, शेजारी टॉर्च. घरट्याच्या गळ्याशी तो आरसा नेऊन यजमान आत अंडी किती ते बघत. वन्सं म्हणायच्या, "माझ्या रुखवतातल्या आरशात ह्यांनी मला कमी आणि अंडी जास्त बघितली." त्यापेक्षा पिसांचा प्रकार अवघड होता. भिंगऱ्या घरट्यात पिसांचा बिछाना करतात, हे कळल्यावर यजमानांनी कुठून कुठून पिसं जमवायला सुरुवात केली, आणि मग 'कुठून कुठून' परवडेना म्हणून थेट कोंबडीच्या दुकानातून पिशवी भरून आणली. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न घेणारा माणूस कोंबडीच्या दुकानापुढे रांगेत उभा, हे गल्लीतल्या निम्म्या लोकांनी पाहिलं आणि उरलेल्या निम्म्यांना तासाभरात कळलं. ती पिशवी खुंटीला टांगलेली, घरात चैत्रगौरीचं हळदीकुंकू, बायका आंब्याची डाळ खाताहेत, आणि मी, होय, मीच, उकडतंय म्हणून पंखा फुल्ल केला. पिशवीचं तोंड सुटलं. गौरीच्या आराशीवर, डाळीवर, देशपांडेकाकूंच्या अंबाड्यावर पिसं. वन्सं तेवढ्यातही म्हणाल्या, "बगळ्याची आहेत, तळ्यावरची." बगळ्याचं पीस तांबूस असतं हे त्या दिवशी धारमधल्या पंचवीस सुवासिनींना प्रथमच समजलं.

उरलेली पिसं घेऊन पुढच्या माघात ते मला पहिल्यांदा पुलियावर घेऊन गेले. मी टिंगल करायच्या तयारीनेच गेले होते. त्यांनी एक पीस वर उडवलं. ते खाली येतंय तोवर कुठूनशी एक भिंगरी आली आणि तिने ते अधांतरीच उचललं, दुसरीने तिच्या चोचीतून पळवलं, तिसरीने दुसरीच्या, आणि शेवटी ते पीस चौथीच्याच घरात गेलं. खाली नाल्यातल्या चिखलावर वीसेक जणी उतरल्या होत्या, पंख वर उचलून थरथरत ठेवलेले, ओल्या सोवळ्याच्या निऱ्या उचलून आपण फरशीवरून जातो तशा. चोचीत हरभऱ्याएवढी गोळी घ्यायची, उडायचं, घराच्या कडेला लावायची, परत यायचं. मी किती वेळ उभी होते मला कळलं नाही. बडबड थांबली म्हणून यजमानांनीच वळून पाहिलं, मला भोवळ आली की काय असं वाटून.

आता मातीकडे येते. माघ-फाल्गुनात भिंगऱ्यांची बांधकामं, आणि नेमकं त्याच वेळी गव्हाला पाणी हवं म्हणून नाल्यावर चारी बाजूंनी मोटरी लागलेल्या. नाला होळीच्या आधीच कोरडा. ओला चिखल नाही तर घर नाही. तेव्हा यजमानांनी नाल्याच्या पात्रात परातीएवढा एक खड्डा केला आणि ते रोज सकाळी स्कूटरला दोन कॅन पाणी बांधून नेऊ लागले. माती साधीसुधी नाही. तळ्याकाठची पिवळसर गाळाची, कुंभाराकडून चाळून घेतलेली, त्यात मूठभर बारीक रेती. लोणच्याचा मसाला करावा तसं प्रमाण. ती पोत्यात भरून पडवीत ठेवलेली असे, आणि वन्संच्या म्हणण्याप्रमाणे त्या घरात गव्हाच्या कोठीपेक्षा त्या पोत्याला जास्त मान होता.

आणि मग त्यांचे डोळे गेले, म्हणजे मोतीबिंदू पिकला. दोन वर्षं त्यांनी लपवलं. एकदा पुलियाखाली उभे असताना मला हळूच म्हणाले, "वहिनी, गळ्यावरच्या रेघा दिसतात का हो तुम्हाला? मला आताशा सगळ्या कोऱ्याच दिसतात." हे मी वन्संना सांगितलं, आणि वन्संनी ऑपरेशनची तारीखच ठरवून टाकली. इंदूरला लेकीकडे, महिनाभर मुक्काम. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, ओझं उचलायचं नाही. तारीख आली भर फाल्गुनात, नेमकी भिंगऱ्यांच्या वस्तीची घाईची वेळ. ते कासावीस झाले. ऑपरेशनला घाबरत नव्हते, चिखल वाळेल म्हणून घाबरत होते. तेव्हा मी छातीवर हात ठेवून म्हणाले की भावोजी, मी आहे ना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. धूसर दिसत होतं म्हणूनच त्यांचा विश्वास बसला असावा. पोतं ऑटोत चढवून देताना तीन गोष्टी तीनतीनदा सांगितल्या. दिवसाला दोन तसराळी माती, जास्त नाही. पोत्यातलीच. आणि संपत आली तर फोन करा, मी कुंभाराला सांगून पाठवतो.

दोन तसराळी म्हणजे कंजूषपणा, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं. मी चार कालवायला लागले. खड्डा परातीएवढा होता तो बाजेएवढा केला. पाखरं एवढी आली की मला उगीचच आपण त्या गावच्या पाटलीण झालो असं वाटायला लागलं. दहाव्या दिवशी पोतं रिकामं. फोन करायचा होता. पण फोन केला म्हणजे जास्त वापरली हे कबूल करावं लागणार, आणि पस्तीस वर्षं मुलांचे कान धरलेल्या बाईला कबुलीजबाब द्यायची सवय नसते. पुलियाला लागून एकाचं शेत होतं, गहू नुकता कापलेला. तिथली काळीशार माती बघितली आणि मला वाटलं, सोन्यासारखा गहू देते, हिला काय एवढंसं घरटं देता येणार नाही? शेतवाला मेड़ेवर, म्हणजे बांधावर, बसला होता. मी घमेलं भरताना बघून म्हणाला, "माँसाब, काली माटी हे. सूखेगी तो फाटी जायगी." मी त्याला हसून सांगितलं की भिया, तुम रहने दो, मैं टीचर हूँ.

आणि टीचर तरी कसली? भूगोलाची. 'काली मिट्टी की विशेषताएँ लिखिए', पाच मार्क. दरवर्षी मी हा प्रश्न विचारला. सूखने पर इसमें गहरी दरारें पड़ जाती हैं, हे वाक्य नसेल तर एक मार्क कापला. किती पोरांचे कापले असतील देव जाणे. त्या सकाळी पुलियाखाली मी स्वतःचे पाचच्या पाच कापायला हवे होते.

पाखरांनी ती माती लगेच उचलली. बिचाऱ्यांना दुसरी मिळतच नव्हती. पिवळट घरांच्या कडेकडेने काळी घरं उठायला लागली, पूर्वीच्या भिंतींना धरून, बेचक्यांतून, यजमानांनी सांगितलं होतं अगदी तशी. मला तर ती जास्तच सुबक वाटली. रोज सकाळी इंदूरहून फोन यायचा आणि मी वृत्तांत द्यायची. आज अमुक नवी घरं, आज तमुक. "नवी कॉलनी बसवली भावोजी तुमची," असंही म्हणाले. एकदा त्यांनी विचारलं, माती पुरतेय ना? मी म्हणाले, पुरतेय काय, उरतेय. एवढंच खोटं मी त्यांच्याशी आयुष्यात बोलले. पुढे पाडवा आला, मुलगा-सून घरी आले, श्रीखंड-पुरीच्या गडबडीत चार दिवस पुलियाकडे जाणं झालं नाही. घरं तर बांधून झाली होती, आता काय, अशीही मनाची समजूत. त्या चार दिवसांत ऊन एकदम तापलं आणि सुकी गरम हवा सुटली.

पाचव्या दिवशी ते परत आले. काळा चष्मा, डोळ्यात थेंब, खिशात डॉक्टरांच्या सूचनांचा कागद. घरी न जाता ऑटो थेट पुलियाकडे घ्यायला लावला, वाटेत मला उचललं. वन्संनाही बोलायची सोय राहिली नाही, इतके खूश. ऑटोत मला म्हणाले की इंदूरला खिडकीतून समोरच्या बिल्डिंगवरची पाटी वाचली, आता रेघा वाचायच्या.

खाली उतरलो. उन्हातून आल्याने मला क्षणभर काही दिसलं नाही, पण आवाज नव्हता. त्या पुलियाखाली त्या दिवसांत एवढी किलबिल असायची की माणसाला ओरडून बोलावं लागे. मग दिसलं. काळी घरं तडकून पडली होती. नुसती तीच पडली असती तर तरी बरं. एकाही घराला स्वतःच्या चारी भिंती नव्हत्या. काळ्यांनी पडताना शेजारच्या पिवळ्या ओढल्या होत्या, त्यांनी त्यांच्या शेजारच्या. पुलियाच्या पोटावर नुसते वण उरले होते, आणि कडेला दहाबारा घरं, अर्धी उघडी. खाली नाल्याच्या तळाशी ढेकळांचा सडा, त्यात अंड्यांची टरफलं, आणि पंख न फुटलेली पिलं. मुंग्यांच्या रांगा लागल्या होत्या. वरती एकदोन पाखरं येत, आपल्या घराच्या जागी क्षणभर फडफडत, धरायला काही नाही म्हणून परत जात, आणि पुन्हा येत.

यजमानांनी काळा चष्मा काढला. वन्सं नको नको म्हणत असताना ते वाकले, एक ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं, नाकाशी नेलं. "काळी आहे," एवढंच म्हणाले. मग खिशातून रुमाल काढला आणि एकेक पिलू उचलून त्यात ठेवायला लागले. त्या नव्या डोळ्याने त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. मी परतीच्या ऑटोत सगळं कबूल केलं, चार तसराळी, रिकामं पोतं, शेतवाल्याला दिलेलं उत्तर, फोनवरचं खोटं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ऑटोवाल्याला म्हणाले, "जरा हळू घ्या भिया, डोळ्याला हिसका बसतो."

रागावले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही. चिमण्या म्हटलं म्हणून आठ दिवस अबोला धरणारा माणूस, त्याने ह्यावर एक शब्द काढला नाही. हे फार वाईट असतं. वन्सं बोलल्या, त्यांनी मला पोटभर धुतलं, पण ते माझ्या हिशेबी पुरेना. ज्याची वस्ती गेली त्याने बोलायला हवं होतं. मी मुद्दाम खोड्या काढून पाहिल्या, त्यांच्यासमोर बंगलेवालीची तारीफ केली, पुन्हा एकदा चिमण्या म्हणून पाहिलं. ते नुसते हसायचे.

उरलेल्या दहाबारा घरांत त्या उन्हाळ्यात खऱ्याखुऱ्या चिमण्या शिरल्या, फुकट्या भाडेकरणींसारख्या. पुढच्या वर्षी माघात थोड्या भिंगऱ्या आल्या, पुलियाखालून चारदा घिरट्या घालून गेल्या. त्याच्या पुढच्या वर्षी त्याही नाहीत. मग रस्ता रुंद झाला आणि ती खडबडीत पुलिया पाडून तिथे नवी, लांबरुंद, आरशासारखी गुळगुळीत पुलिया आली. तरी यजमानांचा परातीएवढा खड्डा दर माघात नाल्यात व्हायचा आणि दोन कॅन पाणी जायचं. स्कूटर सुटली तेव्हा ऑटोने. मी बरोबर जायला लागले, कॅन उचलायला. शेतवाला मेड़ेवरून बघायचा, त्यालाही सवय झाली होती. दोन म्हातारी माणसं कोरड्या नाल्यात चिखल कालवतात, त्यावर एक गांधीलमाशी येऊन बसते, आणि ऊन चढलं की परत जातात. असं एक नाही, दोन नाही, अकरा माघ. माझी नात एकदा बरोबर आली होती. ती हिंदीत म्हणाली, आजी, किसके लिए कर रहे हो? मी तिला गोळी-बिस्किट दिलं.

गेल्या वर्षी वन्सं गेल्या. त्यांचा मुलगा बंगलोरहून आला, त्याने घर बंद करायचं ठरवलं. एवढ्या मोठ्या घरात बाबा एकटे कसे राहतील, त्याचं बरोबरच होतं. तिकडे विसाव्या मजल्यावर घर आहे म्हणे. जायच्या आदल्या सकाळी यजमान म्हणाले, एकदा जाऊन येऊ. गेलो. वाकवत नव्हतं त्यांना, मी हात धरला. नव्या पुलियाच्या एका कोपऱ्यात मला चारपाच मातीच्या गोळ्या एकाला एक लागलेल्या दिसल्या. मी बोट दाखवलं. त्यांनी मान वर करून पुष्कळ वेळ पाहिलं. "कुंभारीण माशीचं आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पण माती चांगली निवडलीय तिने."

दुसऱ्या दिवशी सामान टॅक्सीत चढत होतं. मुलगा घाई करत होता, विमान इंदूरहून होतं. यजमान पडवीत गेले आणि ते पोतं दोन्ही हातांनी ओढत माझ्यापाशी घेऊन आले. भरलेलं होतं. कुंभाराला केव्हा सांगितलं, केव्हा चाळून घेतलं, कुणाला पत्ता नाही. पोत्याच्या तोंडाशी वन्संच्या रुखवतातला आरसा खोचलेला होता. मी म्हणाले, भावोजी, आता कशाला? येणारं कोण आहे? ते जाऊन टॅक्सीत बसले, काच खाली केली, चष्म्यावरून माझ्याकडे रोखून बघितलं, चिमण्या म्हटलं होतं तेव्हा पाहिलं होतं तसं, आणि म्हणाले:

"दिवसाला दोन तसराळी, वहिनी. पोत्यातलीच. आणि संपली तर मला फोन करा, अक्कल चालवू नका."